गुरुवारची सुट्टी आणि बालेवाडीचं कुलूप

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वार वाटून दिले गेले आणि भोसरी-पिंपरीच्या वाट्याला गुरुवार आला. त्या दिवशी गाळ्यांची शटर खाली असतात, प्रेस मशिनचा धाडधाड आवाज थांबलेला असतो आणि दाढी-कटिंगपासून पोरीच्या स्थळापर्यंतची सगळी कामं त्या एका दिवसात उरकायची असतात. ३ फेब्रुवारी २०२२ हा असाच एक गुरुवार. वाकडहून मुळा ओलांडली की लागणाऱ्या बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात त्या दिवशी आशियाई महिला फुटबॉलचे दोन्ही उपांत्य सामने होते. दुपारी दक्षिण कोरिया विरुद्ध फिलिपिन्स, रात्री चीन विरुद्ध जपान. माणसांना सुट्टी होती, मैदान दुचाकीच्या अंतरावर होतं आणि फाटकाला कुलूप होतं.

पुण्याच्या फुटबॉलचा एवढा मोठा दिवस आधी कधी उगवला नव्हता, असं माझं मत आहे. तो पाहायला आपल्यापैकी कुणीच नव्हतं. त्या अठरा दिवसांत जे घडलं आणि त्यावर चहाच्या टपऱ्यांवर, कंपनीच्या बसमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत जो वाद झाला, त्याची ही हकिगत.

स्पर्धा होती एएफसी महिला आशियाई करंडक. बारा संघ, २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी. भारतात ही स्पर्धा त्याआधी १९८० साली कालिकतला झाली होती आणि तेव्हा आपल्या मुली उपविजेत्या ठरल्या होत्या. चाळीस वर्षांनी यजमानपद परत आलं तेव्हा नवी मुंबईबरोबर भुवनेश्वर आणि अहमदाबाद अशी नावं ठरली होती. महासाथीत संघांना विमानातून फिरवायला नको म्हणून ती दोन्ही वगळली गेली आणि स्पर्धा एकट्या महाराष्ट्रात आली: नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आणि आपलं बालेवाडी. म्हणजे बालेवाडीला हा मान मिळाला तोही करोनाच्या कृपेनंच. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पहिल्यांदाच ३२ संघांचा महिला विश्वचषक व्हायचा होता. पहिल्या आठात आलात तर त्याचं दार किलकिलं होणार, पहिल्या चारात आलात तर सताड उघडणार. यजमान म्हणून भारताला पात्रता फेरीही खेळावी लागली नव्हती. घरचं मैदान या शब्दाला यापेक्षा मोठी किंमत ती काय असणार?

बालेवाडीच्या त्या गुरुवारची नावं पुन्हा वाचा. जपान, कोरिया, चीन. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातून सकाळी कंपनीच्या बसनं जाणाऱ्याला ही नावं क्रीडापानावर वाचावी लागत नाहीत, ती रस्त्याकडेच्या पाट्यांवर असतात. चाकणला ब्रिजस्टोनचे टायर बनतात. रांजणगावला एलजीचे फ्रीज आणि हायरची यंत्रं तयार होतात. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना चीनची ग्रेट वॉल मोटर्स घेणार, हे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं होतं. गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीनंतर तो व्यवहार अडकला आणि ही स्पर्धा चालू होती तेव्हाही अडकलेलाच होता. जून २०२२ अखेर तो मोडलाच. या पट्ट्यातल्या माणसाला कोरियन साहेबाची शिस्त, जपानी साहेबाची कागदावरची बारीक नजर आणि जर्मन साहेबाची वेळ ठाऊक असते. त्यांच्या मुली फुटबॉल कशा खेळतात ते पाहायची ही संधी होती.

जाता जाता एक गंमत. बालेवाडीला खेटून महाळुंगे आहे आणि चाकणच्या एमआयडीसीतही महाळुंगे आहे. नव्या ट्रकड्रायव्हरची या दोन गावांत चुकामूक झाली नाही असा महिना जात नसावा. आमच्या एका मित्राचा पाहुणा सामन्याच्या आशेनं निघाला आणि चाकणच्या महाळुंग्यात पोहोचला. तसाही तो आत जाऊ शकलाच नसता, त्यामुळं त्याचं फारसं नुकसान झालं नाही.

आता त्या कुलपाचं कारण. डिसेंबर २०२१ मध्ये करोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराचे राज्यातले अगदी सुरुवातीचे रुग्ण सापडले ते पिंपरी-चिंचवडमध्येच. जानेवारी उजाडेपर्यंत तिसरी लाट पसरली. १० जानेवारीपासून राज्यात रात्री अकरा ते पहाटे पाच संचारबंदी आणि दिवसा पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी जमायचं नाही असा हुकूम निघाला. खेळांच्या स्पर्धा बंद झाल्या. आधीच ठरलेल्या राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांना तेवढी सूट मिळाली, तीही प्रेक्षकांविना आणि बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क न ठेवता. कारखाने मात्र चालू होते. एका शेडखाली चारशे माणसं तीन शिफ्टमध्ये काम करत होती आणि हजारोंच्या उघड्या स्टेडियममध्ये चारशे माणसांना बसता येत नव्हतं. यावर टपरीवर किती शिव्या पडल्या असतील ते सांगायला नको. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियममध्ये २०२० साली जम्बो कोविड रुग्णालय उभं राहिलं होतं. या शहरानं मैदानावर ऑक्सिजनच्या रांगा पाहिल्या होत्या, त्यामुळं बंद फाटकाचा राग आला तरी त्याचं आश्चर्य कुणाला वाटलं नाही.

बालेवाडीचीही एक कुंडली आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी हे संकुल उभं राहिलं. २००८ साली तिथं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. पुढं पुणे एफसी, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी अशी व्यावसायिक फुटबॉलची बिऱ्हाडं तिथं येऊन गेली. मार्च २०१८ मध्ये एफसी पुणे सिटी इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचली तेव्हा पहिला टप्पा बालेवाडीला ०-० सुटला. दुसऱ्या टप्प्यात बंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल ठोकले आणि ३-१ वर विषय संपला. घरी गोल करता आला नाही, याची रुखरुख अजून बोलून दाखवली जाते. मैदानाभोवती धावपट्टी आहे, प्रेक्षक लांब बसतो, आवाज खेळाडूच्या कानापर्यंत पोहोचेपर्यंत पातळ होतो, असं निदान त्या वेळी झालं होतं. २०१९ मध्ये तो क्लबही गेला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. २०२२ मध्ये बालेवाडीला मैदान होतं, पण त्याला आपलं म्हणणारा संघ नव्हता.

भारताचे सामने बालेवाडीला नव्हते, ते मुंबईच्या बाजूला होते. २० जानेवारीला, तोही गुरुवार, नेरुळला भारत विरुद्ध इराण. इराणच्या मुली या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरल्या होत्या. आपल्या मुलींनी चढाया जास्त केल्या, पण चेंडू जाळ्यात गेला नाही. ०-०. ज्या सामन्यात तीन गुण हमखास धरले होते तिथं एकच पदरात पडला. सामन्याआधीच संघातल्या दोघींना करोना झाल्याची बातमी होती.

मग रविवार, २३ जानेवारी. चायनीज तैपेई, म्हणजे तैवान, याच्याशी सामना. हा जिंकला की उपांत्यपूर्व फेरी हाताशी. सामन्याची वेळ आली आणि भारताचा संघ मैदानात उतरू शकणार नाही असं जाहीर झालं. संघात डझनभर मुलींना लागण झाली होती, त्यात दुखापती. किमान तेरा खेळाडू उभे करता आले नाहीत तर संघानं माघार घेतली असं धरायचं, हा स्पर्धेचा करोनाकाळातला खास नियम होता. तारीख पुढं ढकलायची सोय त्यात नव्हती. यजमान स्पर्धेतून बाहेर, विश्वचषकाचं दार बंद, आणि भारताचे सगळे सामने रद्दबातल. २६ जानेवारीला, प्रजासत्ताकदिनी, चीनशी ठरलेला सामनाही त्यात गेला. प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी हॉटेलच्या बबलवर बोट ठेवलं, महासंघ आणि आशियाई संघटना यांच्यात बरीच टोलवाटोलवी झाली. त्या कागदी लढाईत मला रस नाही. कर्णधार आशालता देवी आणि तिच्या सोबतिणी कित्येक महिने शिबिरात राबल्या आणि हॉटेलच्या खोलीत बसून बाद झाल्या, एवढं पुरेसं आहे.

टपरीवरचा खरा वाद इथून सुरू झाला.

आमच्या कोंडाळ्यात एक कोल्हापूरकर आहे, टूलरूममधला. मंगळवार पेठेत वाढलेला, त्यामुळं फुटबॉलवर आपल्याला कुणी शिकवू नये असं त्याचं ठाम मत. एक केरळचा वेल्डर आहे. तो मराठी कमी बोलतो, पण ऑफसाइडवरून भांडण लागलं की शेवटचा शब्द त्याचा असतो. आणि नगरकडचा एक क्वालिटीवाला आहे, ज्याला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय पटत नाही.

क्वालिटीवाल्याला खटकलं ते इराणचं. ‘सामना झाला. नव्वद मिनिटं झाली. बरोबरी झाली. आणि आता म्हणतात तो झालाच नाही? पास झालेला जॉब रिजेक्टमध्ये टाकायचा, तोही ग्राहकाची चूक नसताना?’ मुद्दा खोटा नव्हता. इराण पुढचे दोन सामने चीनकडून ०-७ आणि तैपेईकडून ०-५ असे हरलं. पहिल्याच स्पर्धेत त्यांनी मिळवलेला एकमेव गुण यजमानाच्या आजारपणानं पुसला गेला. आपण मात्र आपल्या दुःखात इतके बुडालो होतो की इराणच्या मुलींचं काय झालं हे विचारलंच नाही. तो गुण असता तर त्या पुढं गेल्या असत्या का, यावर मग कपबशा बाजूला सारून हिशोब झाला.

तीन गटांतून पहिले दोन-दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरचे सर्वांत चांगले दोन, असे आठ संघ पुढं जाणार होते. भारत गेल्यानं एका गटात तीनच संघ उरले. म्हणून बाकीच्या गटांतही तळाच्या संघाविरुद्धचे निकाल बाजूला ठेवून तुलना करायची ठरलं. त्या तुलनेत थायलंड, व्हिएतनाम आणि इराण या तिघांकडेही शून्य गुण. गोलफरक थायलंडचा उणे २, व्हिएतनामचा उणे ६, इराणचा उणे १२. इराण बाहेर. आता सगळे निकाल धरले असते तर? थायलंडनं इंडोनेशियाला ४-० हरवलं होतं, ते तीन गुणांवर जातं. व्हिएतनामची म्यानमारशी २-२ बरोबरी, एक गुण. इराणची भारताशी बरोबरी, एक गुण. पण गोलफरक तोच, उणे ६ आणि उणे १२. म्हणजे इराण तरीही बाहेरच. क्वालिटीवाल्यानं हिशोब दोनदा तपासला आणि म्हणाला, ‘निकाल बदलत नाही. पण नोंद तरी ठेवायची ना.’ मला त्याचं हे म्हणणं आजही पटतं. त्याच व्हिएतनामनं पुढं प्लेऑफमधून विश्वचषक गाठला.

कोल्हापूरकराची तक्रार वेगळीच होती. ‘घरात खेळलो म्हणून गेलो,’ तो म्हणाला. ‘परमुलखात असतो तर दुसऱ्याच्या हॉटेलात, दुसऱ्याच्या जिवावर राहिलो असतो. हितं सगळ्यांना वाटलं, आपलंच घर हाय.’

हे विधान वाटतं तितकं उथळ नाही. यजमान जिंकतो हा समज विश्वचषकानं पक्का केला. उरुग्वे १९३०, इटली १९३४, इंग्लंड १९६६, पश्चिम जर्मनी १९७४, अर्जेंटिना १९७८, फ्रान्स १९९८, अशा सहा यजमानांनी घरी करंडक उचलला. २००२ मध्ये दक्षिण कोरिया घरच्या लाटेवर इटली आणि स्पेनला मागं टाकत उपांत्य फेरीपर्यंत गेलं आणि त्या दोन सामन्यांतल्या पंचांवरून इटलीत आणि स्पेनमध्ये आजही बोटं मोडली जातात. पण त्याच वहीच्या मागच्या पानावर ब्राझील आहे. १६ जुलै १९५० रोजी माराकानामध्ये उरुग्वेनं २-१ असं रडवलं, आणि २०१४ मध्ये जर्मनीनं घरात घुसून ७-१ मारलं. २०१४ चा तो निकाल पहाटे लागला तेव्हा थर्ड शिफ्ट चालू होती आणि चाकणला जर्मन कंपन्यांच्या बसमध्ये मिठाई वाटल्याच्या कथा पुढं बराच काळ ऐकू यायच्या. खऱ्याखोट्याची हमी मी देत नाही.

आपला स्वतःचा इतिहास तर याबाबत भलताच उलटसुलट आहे. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांत शैलेन मन्नांच्या संघानं इराणला १-० हरवून सुवर्ण घेतलं, मेवालालचा गोल, तो घरचा विजय. पण भारतीय फुटबॉलचे सर्वांत तेजस्वी दोन दिवस परक्या गर्दीसमोर आले. १ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिंपिक, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. मुंबईत घडलेल्या नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले आणि भारत ४-२ नं जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमधली ती आशियाई खेळाडूची पहिली हॅटट्रिक. त्यानंतर ४ सप्टेंबर १९६२, जकार्ता. इंडोनेशियानं तैवान आणि इस्रायलच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही, त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी स्पर्धेच्या मान्यतेचाच प्रश्न काढला, आणि सगळं शहर भारतीयांवर उखडलं. अंतिम सामन्याला लाखभर लोक भारताची हुर्यो उडवायला जमले होते. पी. के. बॅनर्जी आणि डोक्याला टाके घातलेला जर्नेल सिंग यांनी विसाव्या मिनिटापर्यंत दोन गोल केले, कोरियाला शेवटी एकच फेडता आला. २-१. मधल्या फळीत मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळलेला फॉर्च्युनातो फ्रँको होता. तैवानला दार बंद केल्यावरून पेटलेल्या त्या भांडणात आपण जिंकलो, आणि साठ वर्षांनी तैवान नेरुळच्या मैदानावर तयार असताना आपणच पोहोचू शकलो नाही. इतिहासाला खोड्या काढायची सवय आहे.

केरळच्या वेल्डरला हे दाखले नको होते. त्याचं म्हणणं साधं: माणसं नाहीत तर घर कसलं? करोनानं हा प्रश्न साऱ्या जगात तपासून पाहिला. मे २०२० मध्ये जर्मनीची बुंडेसलीगा रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली आणि बघता बघता यजमान संघांचे विजय घटले. आधी घरच्या संघाचं पारडं जड असायचं, आता पाहुणे जास्त जिंकू लागले. अभ्यासकांनी खोदून पाहिलं तेव्हा पंचांचं वागणंही बदललेलं दिसलं. प्रेक्षक नसताना पाहुण्या संघाला पिवळी कार्डं कमी मिळत होती. चाळीस हजार गळे ‘कार्ड, कार्ड’ म्हणून ओरडतात तेव्हा पंचाचा हात नकळत खिशाकडं जातो, हे टपरीवर सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. आता त्याला आकड्यांचा आधार मिळाला.

यावर कोल्हापूरकरानं उसळून २०१७ काढलं. दिल्लीत १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक, खचाखच भरलेलं नेहरू स्टेडियम. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव, पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत घडलेला. ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला जॅक्सन सिंगनं हेडरवर बरोबरी साधली. विश्वचषकात भारताचा पहिलावहिला गोल. स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं, पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल केला. ‘गर्दीनंच मारलं पोरांना,’ असा त्याचा निष्कर्ष. वेल्डर म्हणाला, ‘गर्दी नसती तर पहिला गोलच झाला नसता.’ हा वाद तिथंच थांबला, कारण बस आली.

कोल्हापूरचं फुटबॉल मनात ठेवूनच हा माणूस बोलत असतो, हे मला नंतर कळलं. तिथं पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही सगळी मंडळं एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात. सगळ्यांचं घर एकच. मग घरचं मैदान कुणाचं? ‘मैदान कुणाचं हे इचारूच नगंस,’ तो म्हणतो, ‘पेठ कुणाची आली ते बघ.’ ज्या बाजूच्या गॅलरीतून जास्त आवाज येतो, त्या दिवशी मैदान त्यांचं. पिंपरी-चिंचवडसारख्या शहराला ही व्याख्या नेमकी बसते. इथला माणूस सातारा, सोलापूर, लातूर, जळगाव, बिहार, केरळ इथून आलेला. भाड्याच्या खोलीत राहून वीस वर्षं झाली तरी ‘घरी जातो’ म्हणजे गावाला जातो.

आता बालेवाडीकडं परत. ३० जानेवारीच्या रविवारी तिथं दोन उपांत्यपूर्व सामने झाले. सॅम करच्या ऑस्ट्रेलियाला दक्षिण कोरियानं १-० नं घरी पाठवलं. ८७ व्या मिनिटाला जी सो-युननं लांबून मारलेला फटका वरच्या कोपऱ्यात गेला. गटात इंडोनेशियाला १८-० नं हरवणारा ऑस्ट्रेलियाचा संघ असा एका फटक्यात संपला. दुसऱ्या सामन्यात फिलिपिन्स आणि तैपेई १-१ वर अडकले आणि पेनल्टीवर फिलिपिन्स ४-३ नं जिंकलं. त्यांच्या फुटबॉलच्या इतिहासातला पहिला विश्वचषक त्यांना बालेवाडीत मिळाला. शेवटची पेनल्टी सरिना बोल्डननं मारली. त्या संघातल्या बहुतेक मुली अमेरिकेत वाढलेल्या, आई किंवा वडील फिलिपिनो. म्हणजे घर कुठलं हा प्रश्न त्यांनाही पडत असणारच. त्या मैदानावर नाचल्या तेव्हा टाळ्या वाजवायला राखीव खेळाडू आणि संघाचा कर्मचारीवर्ग तेवढा होता.

गुरुवारी दुपारी कोरियानं फिलिपिन्सला २-० हरवलं. रात्रीचा चीन-जपान सामना आम्ही एका खोलीत मोबाइल स्टीलच्या तांब्याला टेकवून पाहिला. जपाननं रिको उएकीच्या हेडरवर आघाडी घेतली, मध्यंतर होताच चीननं फेडली. जादा वेळेत १०३ व्या मिनिटाला पुन्हा उएकी. आता संपलंच म्हणून कुणीतरी भांडी घासायला उठलं आणि ११९ व्या मिनिटाला वांग शानशाननं बरोबरी केली. पेनल्टीवर चीन ४-३. प्रक्षेपणात खेळाडूंच्या हाका ऐकू येत होत्या. चेंडूला बूट लागल्याचा आवाज इतका स्वच्छ येत होता की सराव पाहतोय असं वाटावं. आशियाची उपांत्य लढत, जादा वेळ, पेनल्टी, आणि मागं रिकाम्या खुर्च्या.

अंतिम सामना ६ फेब्रुवारीला नेरुळला. कोरिया मध्यंतराला २-० पुढं. मग चीननं ६८ व्या मिनिटाला पेनल्टी, ७२ व्या मिनिटाला दुसरा आणि भरपाई वेळेत शिआओ युयीचा तिसरा गोल करून ३-२ नं नववं विजेतेपद नेलं. फुटबॉलमध्ये असा पलटलेला अंतिम सामना दशकात एखादाच होतो. पण महाराष्ट्रात तो कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशी सकाळी लता मंगेशकर गेल्या. संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार होते, घराघरांतले टीव्ही तिकडंच लागलेले होते. दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रांत फुटबॉलला जागा उरण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्याबद्दल कोल्हापूरकरानंही तक्रार केली नाही.

महिनाभरानं, ६ मार्चला, पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत मेट्रो धावली. निर्बंध उठले, टपरीवर पुन्हा दहा-दहा माणसं जमू लागली आणि बोलायला दुसरे विषय आले.

वाद मात्र अधूनमधून उसळत राहिला. २५ जुलै २०२३ ला विश्वचषकात वेलिंग्टनला फिलिपिन्ससमोर यजमान न्यूझीलंड. सलामीला नॉर्वेला हरवून न्यूझीलंडनं देश जागा केला होता, स्टेडियम भरलेलं होतं. फिलिपिन्स १-० नं जिंकलं. गोल सरिना बोल्डनचा. बालेवाडीच्या रिकाम्या स्टेडियममध्ये पेनल्टी मारणारीनं भरलेलं स्टेडियम चिडीचूप केलं. न्यूझीलंड गटातच बाद झालं. वेल्डरनं त्या दिवशी कबूल केलं की माणसं असूनही घर कधीकधी कामाला येत नाही, पण क्वालिटीवाल्याला त्यानं लगेच बजावलं की एका सॅम्पलवरून लॉट ठरवू नकोस.

आणि ५ जुलै २०२५. पुढच्या आशियाई करंडकाची पात्रता फेरी, थायलंडमधलं चियांग माई, शेवटचा सामना यजमान थायलंडशी. जिंकेल तो ऑस्ट्रेलियाला जाणार. संगीता बासफोरनं दोन गोल केले, भारत २-१. पात्रता फेरीतून या स्पर्धेत जाण्याची भारताच्या मुलींची ही पहिलीच वेळ, आणि तीही दुसऱ्याच्या घरी. कोल्हापूरकर दोन दिवस छाती काढून फिरत होता.

२९ जुलैला सिडनीत सोडत निघाली. मंगळवार होता, फर्स्ट शिफ्ट सुटायची वेळ. भारताच्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. २३ जानेवारी २०२२ ला नेरुळला जो सामना झालाच नाही, तो आता २०२६ च्या मार्चमध्ये व्हायचा होता. मी मोबाइल पुढं केला. कोल्हापूरकरानं चष्मा वर करून यादी वाचली.

‘मॅच कुठंय?’

‘ऑस्ट्रेलियात.’

‘मग बरं हाय,’ तो म्हणाला आणि बसकडं निघाला.